व्हेंट पाइपकडे दुर्लक्ष धोक्याचे

बारामती : बारामती तालुक्यातील खांडज येथे मार्च २०२३ मध्ये जनावरांचे मलमूत्र साठणाऱ्या टाकीत गुदमरून चौघांचा मृत्यू झाला. एकाला वाचविण्यासाठी इतर जण आत उतरले होते. मैला कुजताना असेच वायू बारामती, इंदापूरमधील घरांच्या सेप्टिक टँकमध्येही तयार होतात. ते छतावरून बाहेर सोडण्यासाठी व्हेंट पाइप असतो. तो बुजल्यास किंवा बसविलाच नसल्यास दुर्गंधी घरात शिरते.

याची लक्षणे आधीच दिसू लागतात. फ्लश करताच न्हाणीघराच्या जाळीतून गुडगुड आवाज आल्यास हवेअभावी ट्रॅपमधील पाणी ओढले जात असण्याची शक्यता असते. हेच पाणी दुर्गंधी अडविते. बंद घरात उन्हाळ्यात ते आटते. तेथे बादलीभर पाणी ओतावे. एकच जाळी तुंबल्यास दोष बहुधा तेथेच असतो. सर्वच तुंबल्यास चेंबर व टाकी तपासावी.

टाकीत मात्र कोणीही उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले, की त्याचा वासच जाणवेनासा होतो. त्यामुळे वास नसणे ही सुरक्षिततेची खूण नव्हे. संरक्षक साधनांविना टाकी साफ करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मैला उपसणारी गाडी बोलावणे हाच सुरक्षित मार्ग आहे.