शाळाप्रवेश आणि लसीची अट

कॅलिफोर्नियाचे राज्यपाल जेरी ब्राउन यांनी ३० जून २०१५ रोजी ज्या ‘सिनेट विधेयक २७७’वर स्वाक्षरी केली, त्याने त्या राज्यातील पालकांना मिळत आलेली एक जुनी सवलत संपुष्टात आणली. तोपर्यंत धार्मिक किंवा वैयक्तिक मताचे कारण लेखी देऊन मुलाला लस न टोचताही शाळेत वा पाळणाघरात घालता येत असे. १ जुलै २०१६ पासून वैद्यकीय कारणाखेरीज दुसरे कारण ग्राह्य धरले जाईनासे झाले. गोवर, गालगुंड, रुबेला, पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कांजिण्या, ब प्रकारची कावीळ आणि लहान मुलांत मेंदूज्वर घडवणाऱ्या ‘हिब’ नावाच्या जिवाणूचा संसर्ग, अशा दहा रोगांवरील लसींना ही अट लागू आहे. कायद्याचे निमित्त होते डिसेंबर २०१४ मध्ये अनाहाइम येथील डिस्नीलँड उद्यानातून पसरलेली गोवराची साथ. विधेयकाचे एक प्रवर्तक रिचर्ड पॅन हे स्वतः बालरोगतज्ज्ञ होते, आणि त्यांना झालेला विरोध इतका कडवा होता की त्या विरोधातील युक्तिवादांची छाननी आजही उपयोगाची आहे.

विरोधकांचा सर्वांत लोकप्रिय पूर्वपक्ष असा, की ज्यांच्या मुलांना लस दिलेली आहे त्यांनी न दिलेल्या मुलांचे भय का बाळगावे. वरवर बिनतोड दिसणारा हा प्रश्न, लस घेतलेले आणि हट्टाने नाकारलेले असे दोनच वर्ग समाजात असतात, या चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. वर्षाच्या आतील अर्भके, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुले आणि गोवराच्या लसीचे दोन डोस घेऊनही ज्यांच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण झाली नाही अशी शंभरातील सुमारे तीन माणसे, हा तिसरा वर्ग त्यात धरलेलाच नाही. डिस्नीलँडच्या साथीत फेब्रुवारी २०१५ च्या पूर्वार्धापर्यंत कॅलिफोर्नियातील जे ११० रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ४९ जणांनी लस घेतलेली नव्हती, आणि त्या ४९ मध्ये १२ अर्भके अशी होती की लस घेण्याचे त्यांचे वयच झालेले नव्हते. या बारा बाळांच्या बाबतीत ‘तुम्ही आपले पाहा’ या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे अशा रोगाची साखळी तुटण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात, आणि तिचा हिशेब राज्याच्या सरासरीवर न करता प्रत्येक वर्गाच्या पटावर करावा लागतो. कारण लस नाकारणारी कुटुंबे सारखी विखुरलेली नसतात, ती ठरावीक वस्त्यांत आणि ठरावीक शाळांत एकवटतात. कॅलिफोर्नियात अशा शाळांपैकी कित्येक सुखवस्तू, सुशिक्षित पालकांच्या खाजगी शाळा होत्या, ही गोष्ट लसविरोधाला अडाणीपणाचे फलित मानणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी.

लसीमुळे स्वमग्नता येते, या आक्षेपावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या बारा मुलांवरून लिहिलेला निबंध ‘द लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढण्यात आले, आणि डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा कोणताही संबंध आढळला नाही. मात्र लस सर्वस्वी निर्धोक असते असे म्हणणेही खरे नाही. क्वचित, दहा लाख डोसांमागे एखाद्याला, तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवते. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने अशा इजांसाठी भरपाईची स्वतंत्र व्यवस्था केली. सक्ती करणाऱ्या राज्याने हे दायित्व पत्करणे हा सक्तीच्या नैतिक पायाचा भाग आहे, ते उपकाराचे काम नव्हे.

खरा तोलामोलाचा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. मुलाच्या शरीराविषयीचा निर्णय आईबापांचा, तेथे शासनाने हात घालू नये, असे म्हणणाऱ्याला ‘ही सक्ती नाहीच, हवे तर मुलाला घरी शिकवा’ असे उत्तर देण्याची लसवाद्यांची रीत आहे. कायद्याने घरच्या शिक्षणाला मोकळीक ठेवली आहे, हे खरेच. परंतु दोन पाळ्यांत राबणाऱ्या एकट्या आईला ती मोकळीक कागदावरची आहे. तेव्हा ही सक्तीच आहे असे सरळ मान्य करून तिचे समर्थन केले पाहिजे. ते समर्थन असे, की वर्ग ही शासनाने निर्माण केलेली गर्दी आहे: शिक्षण सक्तीचे करून शासनच तीस मुलांना एका बंद खोलीत रोज कित्येक तास एकत्र बसवते, आणि ज्याने गर्दी जमवली त्याच्यावर ती सुरक्षित राखण्याची जबाबदारीही येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये टेक्ससमधील सॅन अँटोनिओच्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात, लसीवाचून शाळाप्रवेश नाकारण्याचा स्थानिक शासनाचा अधिकार एकमुखाने उचलून धरला होता. अर्थात या समर्थनाला त्याची मर्यादाही आहे. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून परहिताचा युक्तिवाद त्या लसीला लागू पडत नाही. ती घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लसीसोबत एकाच सुईतून जाते, एवढाच तिचा आधार. आरोग्य विभागाने पुढे यादीत स्वतःहून एखादी लस वाढवली तर तिच्यापुरती वैयक्तिक मताची सवलत द्यावी लागेल, ही कायद्यातील तरतूद त्यामुळेच शहाणपणाची ठरते.

प्रबोधनाने जे साधेल त्यासाठी दंडक कशाला, या शेवटच्या आक्षेपाचे उत्तर आकडे देतात, आणि ते दोन्ही पक्षांना थोडे अडचणीचे आहेत. कॅलिफोर्नियात बालवर्गातील पूर्ण लसीकरण २०१४-१५ मध्ये ९०.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये ९५.६ टक्क्यांवर गेले. या वाढीचा मोठा वाटा मतपरिवर्तनाचाही नव्हता आणि विरोधकांच्या शरणागतीचाही नव्हता. राहिलेले डोस नंतर घेण्याच्या बोलीवर प्रवेश मिळालेल्या मुलांचे प्रमाण शाळांनी कसोशीने कमी केले, त्याचा होता. ही मुले लसविरोधकांची नव्हती, केवळ दिरंगाईची होती. उलटपक्षी, वैयक्तिक मताची वाट बंद होताच वैद्यकीय सवलतींची संख्या वाढली आणि काही डॉक्टरांकडून त्या सढळ हाताने मिळू लागल्या, त्यामुळे २०१९ मध्ये त्यांवर देखरेख ठेवणारा दुसरा कायदा करावा लागला. नियम वाकवणारे कोठेही असतात. त्यांच्या भयाने नियमच करू नये, हे म्हणणे टिकत नाही.

या नियमाशी तिकडे स्थलांतर केलेल्या मराठी कुटुंबांचीही गाठ पडते. भारतात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यात दिली जाते, कारण येथे रोग लवकर गाठतो; कॅलिफोर्नियातील शाळा मात्र पहिल्या वाढदिवसापूर्वीची मात्रा मोजत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिद्रव्ये त्या वयात लसीचा परिणाम उणावतात. शिवाय भारताच्या सरकारी वेळापत्रकात गालगुंडाची लस नाही. नियम रोगाच्या चालीप्रमाणे बेतावा लागतो, याचा हा ढळढळीत पुरावा असून, तोच न्याय महाराष्ट्राला लावला तर कॅलिफोर्नियाचा कायदा जसाच्या तसा उचलणे चुकीचे ठरेल. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला, तेथील अनेक मुलांपर्यंत लसीकरण पुरेसे पोचलेले नव्हते; अशा मुलाला शाळेबाहेर ठेवणे म्हणजे यंत्रणेच्या उणिवेची शिक्षा त्याला देणे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या हेतूशीही ते विसंगत. अंगणवाडीत आणि पहिलीत प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड तपासणे सक्तीचे करावे, राहिलेली मात्रा पालकांच्या संमतीने शाळेतच द्यावी, आणि साथ असेल तेवढ्याच काळापुरते लस नाकारणाऱ्यांच्या मुलांना घरी थांबवावे, एवढी अट महाराष्ट्रात न्याय्य ठरते. त्याहून कडक अट घालण्याचा अधिकार शासनाला प्रत्येक वस्तीत लस पोचवल्यानंतरच मिळेल.