खाणीच्या पाण्याचा टीडीएस कोण मोजतं?

आरओ बसवायला आलेल्या मुलाने पेनासारखा मीटर आमच्या नळाच्या पाण्यात बुडवला आणि मला आकडा दाखवला. "बघा, टीडीएस जास्त आहे." तेव्हापासून तसाच एक मीटर माझ्याही खणात आहे. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. आता हाच आकडा नदीत सोडल्या जाणाऱ्या खाणीच्या पाण्याचा असेल तर? तो कोण मोजणार, आणि मर्यादा ओलांडली तर कोण थांबवणार?

यासाठी मला अमेरिकेतलं एक प्रकरण महत्त्वाचं वाटतं. पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर डंकर्ड क्रीक नावाची छोटी नदी आहे. सप्टेंबर 2009 मध्ये तिच्यातले मासे आणि शिंपले मोठ्या संख्येने मेले. कारण ठरलं सोनेरी शेवाळाचं विष. गंमत म्हणजे हे शेवाळ खारट पाण्यात वाढतं. मग गोड्या पाण्याच्या नदीत ते कसं फोफावलं? संशय गेला वरच्या बाजूला पाणी सोडणाऱ्या कन्सोल एनर्जी कंपनीच्या भूमिगत कोळसा खाणींवर.

नळ बंद का करता येत नाही?

कारखाना नियम मोडत असेल तर त्याला टाळं ठोकता येतं. भूमिगत खाणीचं तसं नाही. जमिनीतलं पाणी बोगद्यांत झिरपतच राहतं आणि येताना खडकातले क्षार घेऊन येतं. पंप थांबवले तर खाण बुडते. कोळसा काढणं बंद झालं तरी पाणी यायचं थांबत नाही. त्यामुळे 'पाणी सोडू नका' एवढा आदेश पुरत नाही, 'शुद्ध करून सोडा' असंच सांगावं लागतं.

इथे दुसरी अडचण येते. तळ्यात पाणी साठवलं की गाळ खाली बसतो, पण विरघळलेलं मीठ बसत नाही. ते काढायला आपल्या स्वयंपाकघरातलंच तंत्र लागतं, आरओ. फक्त आकार अवाढव्य.

2011 मध्ये तडजोड झाली. परवान्यातली क्लोराइडची मर्यादा चार वर्षांत शेकडो वेळा ओलांडल्याच्या आरोपांवरून कन्सोलने 55 लाख डॉलर दंड भरायचं मान्य केलं. शिवाय मॅनिंग्टनजवळ आरओ प्रकल्प उभारायचा होता. एकूण उपायांचा अंदाजे खर्च 20 कोटी डॉलर.

आता गणित करा. उपायांचा खर्च दंडाच्या 36 पट आहे. नुसता दंड असता, तर तो भरून तेच पाणी सोडत राहणं कंपनीला स्वस्त पडलं असतं. म्हणूनच माझ्या मते खरी अंमलबजावणी दंडात नव्हती. ती होती प्रकल्प अमुक तारखेपर्यंत उभा करायच्या सक्तीत.

मीटर कोणाच्या हातात?

अमेरिकेच्या 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यात कंपनी स्वतःच नमुने तपासते आणि अहवाल भरते. चोराच्या हाती किल्ली, असं वाटेल. पण अहवालात खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि हे आकडे लोकांसाठी खुले असतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेची 'ईको' ही वेबसाइट फोनवर उघडा: कुठल्या परवानाधारकाने मर्यादा कधी ओलांडली ते दिसतं. सरकारने कारवाई केली नाही तर सामान्य नागरिकही कोर्टात जाऊ शकतो. 2014 मध्ये अल्फा नॅचरल रिसोर्सेस या कोळसा कंपनीवर 2 कोटी 75 लाख डॉलरचा दंड बसला, तो 6 हजारांहून जास्त उल्लंघनांसाठी.

आपल्याकडे नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत भूमिगत कोळसा खाणी आहेत. कोळसा खाणींच्या पाण्यासाठी सामू, गाळ, तेल यांच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत. पण 1974 च्या जल कायद्यात केंद्राने 2024 मध्ये दुरुस्ती केली आणि अनेक गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला. वरचं गणित इथे लावून पाहा. मोठ्या खाणीला 15 लाख म्हणजे काय?

मग आपला मीटर काय कामाचा?

तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून टीडीएसचा अंदाज देतो. क्षार कुठला आहे, क्लोराइड की सल्फेट, हे त्याला कळत नाही. कोर्टात तो पुरावा म्हणून टिकणार नाही, तिथे प्रयोगशाळेचा अहवालच लागतो. पण ओढ्याचा आकडा कालच्यापेक्षा अचानक दुप्पट झाला, तर नमुना कधी घ्यायला हवा हे तो नक्की सांगतो. तारीख, वेळ, लोकेशनसह फोटो काढून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात त्याच महिन्याचे तपासणी अहवाल मागा. दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.