स्वस्तातली काचपेटी आणि आपली जीवदया



‘घरात मासे असले की लक्ष्मी टिकते’ असं ऐकून आपल्याकडेही काचेचं गोल भांडं आणि दोन गोल्डफिश येऊ लागलेत. मला हे अजिबात पटत नाही. पाणी गाळून जिवाणी जपणाऱ्या घरात पंचेंद्रिय जीव कळशीभर पाण्यात कोंडायचा? अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ आहे, तो दावणीच्या जनावरापुरताच का? शिवाय माशांच्या बहुतेक तयार खाद्यात मासळीचीच भुकटी असते. ती कोणत्या हातानं घालायची?

कुणी म्हणतं, “पाणवनस्पती लावा, कमी खर्चात सगळं होतं.” टाकी होते हे खरं. बागेची माती, वर धुतलेली वाळू, वॅलिसनेरियाची रोपं, खिडकीतला उजेड, बस. पण माशांच्या अंगातून निघणारा अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वाट पाहायला पैसे पडत नाहीत, तरी टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात. त्या घाईची किंमत मासा मोजतो. आणि ऐन उन्हाळ्यात आपण बीडकर टँकरची वाट बघत असताना टाकीचं पाणी कशानं बदलणार?

मासे आधीच घरात असतील तर ते बिंदुसरेत सोडू नका. परके मासे तिथल्या जिवांच्या मुळावर येतात. मोठी टाकी घ्या, वनस्पती लावा, साठवून ठेवलेल्या पाण्यानं थोडं थोडं पाणी बदला, शेवटपर्यंत सांभाळा. नवीन मात्र एकही आणू नका.