विश्रामगृहापर्यंत कोण गेले?

संपादक महोदय,


२०२५ च्या नोव्हेंबरात आमच्या ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहातला म्हणून एक सीसीटीव्ही व्हिडिओ देशभर फिरला. आवारात बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो आणि त्याला ओढून नेतो. मला तो पुण्याच्या भाच्याने पाठवला. खाली लिहिले होते, ‘मामा, बांधीत जाऊ नका.’ धान कापून पडले होते, भारे बांधायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या बायांपैकी निम्म्या आल्याच नाहीत. असे काही घडलेले नाही, व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला आहे, असा खुलासा वनविभागाने केला. ते विश्रामगृह माझ्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर. तरी मी स्वतः जाऊन पाहिले नाही, हे आधीच कबूल करतो.

यावर ‘लोक कशावरही विश्वास ठेवतात’ अशी टीका झाली. ती मला मान्य नाही. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात मेंढा-माल परिसरात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या जंगलात सीसीटीव्ही नव्हता. ज्या भागात असे खरोखर घडते, तिथल्या माणसाने विश्रामगृहातला वाघ खरा मानला तर तो भोळा कसा? खेद याचा वाटतो की न घडलेल्या हल्ल्याला चित्र होते म्हणून तो देशाने पाहिला, आणि घडलेल्या हल्ल्याची बातमी चित्राअभावी तितकी फिरली नाही.

मला अधिक काळजी वाटते ती पुढची. आता खरा व्हिडिओही ‘एआयचा असेल’ म्हणून उडवता येईल. गोठ्यातली गाय वाघाने मारली तर शेतकरी आधी मोबाईलवर फोटो काढतो, मग पंचनाम्याची वाट पाहतो. त्या फोटोवर उद्या कुणी शंका घेतली तर त्याने काय करायचे?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला. कृत्रिम चित्रावर किमान १० टक्के जागेत तसे लिहिलेले असावे, असे त्यात सुचवले होते. हेतू चांगला. पण व्हॉट्सअ‍ॅपवर दहाव्या हाताला पोचेपर्यंत व्हिडिओची कड कापली जाते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. उलट वनरक्षकाला विचारा. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखे. कॅमेरा ट्रॅपमधल्या छायाचित्रांवरून वनविभाग पट्ट्यांनीच वाघ ओळखतो. एखाद्या व्हिडिओतला वाघ इथला आहे का, असे विचारणारा पत्रकार असेल तर उत्तर देणारी माणसे तालुक्यातच आहेत.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर मे २०२४ पासून क्रिश आणि भूमी हे संगणकी निवेदक आले, ते पन्नास भाषांत बोलू शकतात म्हणे. बोलू द्या. बाजारभाव आणि हवामान वाचायला माणूस कशाला अडकवायचा? पण मला खरा नवा शोध वाटतो तो आमच्या शेजारच्या छत्तीसगडातला. शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वरा’ सुरू केले. साधा मोबाईल, एक मिस्ड कॉल, उलट फोन येतो आणि माणूस गोंडीत किंवा हिंदीत आपली बातमी सांगतो. ना इंटरनेट, ना लिहिता येण्याची अट. गडचिरोलीतल्या अनेकांनाही गोंडी परकी नाही. त्यातली मुख्य गोष्ट मात्र यंत्रात नाही. आलेला निरोप ऐकून, तपासून मगच पुढे सोडणारी माणसे तिथे बसलेली असतात.

आपल्या वृत्तपत्रांत ती तपासणी कुणी करायची? तालुका वार्ताहराने. आणि त्याची कमाई कशावर, हे आपल्याला मी सांगायला नको. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती, पुरवणीचे कमिशन आणि छापून आलेल्या बातमीमागे मिळालेच तर थोडे मानधन. समजा, तो व्हिडिओ फिरला त्या संध्याकाळी एखादा वार्ताहर गाडी काढून विश्रामगृहावर गेला असता, चौकीदाराला भेटला असता आणि काही घडले नसल्याची खात्री करून परतला असता. त्याला काय मिळाले असते? बातमीच नाही, म्हणजे छापायला काही नाही, म्हणजे पैसे नाहीत. पेट्रोल पदरचे. व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्याला मात्र हजारो दर्शक. हिशेबच असा असेल तर जाईल कोण?

६ जानेवारीला पत्रकार दिनी आपण ‘दर्पण’कारांच्या तसबिरीला हार घालाल, कृत्रिम बुद्धिमत्तेवर परिसंवादही ठेवाल. त्यासोबत लेखा विभागाला एवढे सांगा, की वार्ताहराच्या बिलात ‘गेलो, पाहिले, काही घडले नव्हते’ असा एक रकाना काढावा आणि त्याचेही पैसे द्यावेत.

– एक धान उत्पादक वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)