जुना वाडा आणि नवी कचेरी

जुनें घर राखावें कीं पाडावें, हा प्रश्न आज प्रत्येक शहरापुढें उभा आहे. एक पक्ष विचारतो, 'त्याचा उपयोग काय?' दुसरा बजावतो, 'त्यास हात लावूं नका.' या वादाचा उलगडा पाहावयाचा असेल, तर आमच्या मतें आम्स्टरडॅम शहराच्या कालव्यांकडे दृष्टि वळवावी.

इ. स. १६१३ पासून त्या शहराभोंवतीं हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त व प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे खणण्यास प्रारंभ झाला, आणि त्यांच्या कांठीं धनाढ्य व्यापाऱ्यांनीं उंच वाडे बांधले. भूमि दलदलीची, म्हणून लांकडी खांब खालच्या वाळूच्या थरापर्यंत ठोकून त्यांवर भिंती उभारल्या. माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली व तिला आंकडा. त्यास दोर लावून माल थेट माळ्यावर चढवीत. २०१० सालीं युनेस्कोनें या परिसरास जागतिक वारशाचा मान दिला. आज यांपैकीं कित्येक वाड्यांत कचेऱ्या आहेत. जेथें मेणबत्तीच्या उजेडांत हिशेब लिहिले जात, तेथें आतां संगणकाचे पडदे उजळतात.

हें पाहून कित्येकांस हळहळ वाटते. आम्हांस वाटत नाहीं. व्यापाऱ्याच्या घरांत कुटुंब, पेढी आणि वखार हीं बहुधा एकाच छपराखालीं नांदत. तेव्हां कचेरी ही तेथें परकी नसून माहेरीं परतलेली लेक आहे. शिवाय पायांतील लांकडी खांब पाण्याखालीं असेपर्यंत टिकतात. पाणी खालावून त्यांस हवा लागली कीं कुजूं लागतात. असा पाया दुरुस्त करणें हें थोडक्या पैशाचें काम नव्हे. रिकाम्या घरासाठीं तो खर्च कोण करील?

तथापि आमचा होकार बिनशर्त नाहीं. नक्षीदार छताखालीं खोटें छत टांगणें, दिवाणखान्याचे लहान लहान खण पाडणें, यास आम्ही वापर म्हणत नाहीं, विद्रूपीकरण म्हणतों. उभ्या, अरुंद जिन्यांमुळें पंगु मनुष्यास वर जातां येत नसेल, तर लिफ्ट अवश्य बसवावी. परंतु नवें जें बसवावयाचें, तें उद्यां काढतां येईल असें असावें. तसेंच सगळा कालवाकांठ कचेऱ्यांस देऊं नये. सायंकाळीं कारकून घरीं गेल्यावर जेथें एकाही खिडकींत दिवा दिसत नाहीं, तेथें इमारती राहतात, शेजार उरत नाहीं.

आणखी एक गोष्ट. प्रिन्सेनग्राख्तवरील २६३ क्रमांकाच्या घरांतही एक कचेरीच होती. १९४२ पासून १९४४ पर्यंत तिच्या मागील बाजूस ॲन फ्रँक या मुलीसह आठ जीव लपून राहिले, आणि त्याच कचेरींतील माणसांनीं त्यांस अन्न पुरविलें. पुढें तें घर पाडण्याचें घाटत होतें. नागरिकांनीं विरोध केला, म्हणून तें वांचलें व १९६० सालीं संग्रहालय झालें. घर पडलें असतें, तर पुढच्या पिढीस दाखवावयास ती जागाच उरली नसती. त्याचप्रमाणें त्या शहराच्या ऐश्वर्यांत गुलामांच्या व्यापाराचाही पैसा होता. २०२१ सालीं महापौरांनीं त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. जुनी भिंत राखावयाची ती अशा लज्जेच्या स्मृतीसुद्धां राखावी, केवळ शोभेसाठीं नव्हे.

त्याच काळीं डच व्यापाऱ्यांची एक वखार आपल्या कोंकणांत वेंगुर्ल्यासही होती. आज तिचे भग्नावशेषच उरले आहेत. तिकडील घरें टिकलीं, तीं दगड अधिक कठीण होता म्हणून नव्हे. त्यांत माणसांची ये-जा चालू राहिली म्हणून.

विद्यार्थी मित्रांनो, आजोबांच्या घराची गोष्ट निघाली म्हणजे वडील माणसांस इतकेंच विचारा: 'तें पाडण्यापूर्वीं त्यांत आणखी काय करतां येईल, याचा विचार झाला काय?' या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर मिळालें, तर पुष्कळ घरें वांचतील असा आमचा विश्वास आहे.