ते हेल्मेट आधी कुणाच्या डोक्यावर होतं?

मागच्या आठवड्यात शारजाहून एका वाचकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सांगलीकडचा मुलगा, बाईकवर डिलिव्हरी करतो, येऊन जेमतेम दोन महिने झालेत. फोटोत कंपनीने दिलेलं हेल्मेट होतं. उजव्या बाजूला लांबलचक ओरखडा, आत गालाच्या गादीवर मार्करने लिहिलेलं दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. खाली एकच ओळ : "दादा, हे चालेल का?"

नाही चालणार. आणि का नाही, ते बाईकवर पोट असलेल्या प्रत्येकाने नीट समजून घ्या.

हेल्मेटच्या कडक कवचाच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोकं आपटलं की तो थर दबतो आणि मार स्वतःवर घेतो. हे काम तो एकदाच करतो. दबलेला थर पुन्हा फुगत नाही, आणि वरून रंग मारला की काही कळतही नाही. म्हणजे ज्याचं नाव आत लिहिलंय तो पडला असेल, तर त्या हेल्मेटने आपलं काम करून टाकलंय. तुमच्या वाट्याला आलंय ते नुसतं टोपडं. तो माणूस आता कुठे आहे, हे त्या मुलाने सुपरवायझरला विचारलं. उत्तर मिळालं नाही.

नवं हेल्मेट घेताना किंवा मागताना आधी हनुवटीचा पट्टा उलटून बघा. युरोपच्या मानकाचं असेल तर तिथे शिवलेली चिंधी असते आणि तिच्यावर गोलात ई हे अक्षर आणि एक आकडा. सध्याचं मानक 22.06, त्याआधीचं 22.05. गावाहून आणलेल्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 4151 हवं. नुसतं वरून चिकटवलेलं चकचकीत स्टिकर बघून फसू नका, तसली स्टिकरं सुटी विकत मिळतात. घ्यायचं ते पूर्ण तोंड झाकणारं. अर्धं हेल्मेट हलकं वाटतं खरं, पण तोंडावर पडलात तर जबडा उघडाच.

मग माप. भुवयांच्या जरा वरून डोक्याभोवती टेप फिरवा. हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, आणि हेल्मेट डावी-उजवीकडे हलवलं तर गालाची कातडीही सोबत हलली पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकलून बघा. निघून हातात आलं तर पडल्यावरही निघणार. आपल्याकडे बहुतेक जण "जरा सैल बरं" म्हणून एक नंबर मोठं घेतात, तिथेच घोळ होतो. रोजच्या बारा तासांच्या घामाने आतल्या गाद्या तशाही बसतात, त्यामुळे सहा महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा करा. हेल्मेट पेट्रोलने पुसू नका आणि आरशावर अडकवून ठेवू नका, आतल्या थराला खड्डा पडतो. काळी काच रात्री नको.

जॅकेटबद्दल हमखास ऐकायला मिळतं : "पंचेचाळीस डिग्रीत कोण घालणार?" बरोबर आहे. पण हवा अंगापेक्षा गरम असली की वारा अंग थंड करत नाही, उलट तापवतो, आणि उघड्या कातडीवरचा घाम भराभर उडून जातो. म्हणून इथे जाळीचं, फिक्या रंगाचं, पूर्ण बाह्यांचं जॅकेट हवं, खांद्याला आणि कोपराला कवच असलेलं. ते कवच फोमचा नुसता तुकडा आहे की खरं, हे त्यावरच्या ईएन 1621 या खुणेवरून कळतं. हातमोजे तर सोडूच नका, पडताना माणूस पहिल्यांदा हातच टेकतो. घोटा झाकणारे बूट हवेत. चप्पल घालून ऑर्डर नेणारे आम्ही रोज बघतो, आणि दरवेळी पोटात गोळा येतो.

आता पैशाचं. हे सगळं तुमच्या खिशातून जायचं नाही. अमिरातीचा 2021 चा 33 क्रमांकाचा कामगार कायदा कामातल्या धोक्यापासून बचावाची साधनं पुरवण्याची जबाबदारी मालकावर टाकतो. "तू आमचा नोकर नाहीस, ॲपसाठी काम करतोस" असं कुणी म्हणालं तर वर्क परमिट काढून बघा : त्यावर ज्या कंपनीचं नाव आहे ती तुमची मालक. पगारातून काय कापता येतं तेही कायद्याने ठरलेलं आहे, आणि त्यातल्या काही कपातींना तुमची लेखी संमती लागते. म्हणून 'साहित्य मिळाले' असल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका. त्यात खाली किंमत आणि कपातीची संमती बारीक अक्षरात असू शकते. कागद इंग्रजी-अरबीत असेल तर फोटो काढून आम्हाला पाठवा, वाचून सांगू.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. डिलिव्हरीवाल्यांसाठी ठिकठिकाणी एसीच्या विश्रांतीच्या जागा केल्यात, पण ऑर्डरी त्या अडीच तासांतही येतच राहतात. ऑर्डर नाकारली की कमाई बुडते. मग त्या जागेत बसणार कोण? घामाने घसरणारं हेल्मेट आणि चक्कर येणारा माणूस, दोन्ही त्याच वेळेला रस्त्यावर असतात. जॅकेट कितीही चांगलं असलं तरी याला त्याचा इलाज नाही, आणि नियम करणाऱ्यांना हे विचारत राहावं लागेल.

सांगलीच्या मुलाला आम्ही सांगितलं : तोंडी भांडू नकोस. हेल्मेटचे फोटो, आतल्या नावासकट, सुपरवायझरला मेसेजमध्ये पाठव आणि नवं माग. तीन दिवसांनी नवं मिळालं, पट्ट्यावर चिंधी असलेलं. महिनाअखेरच्या पगारात दीडशे दिरहम कमी आले. ती पगाराची स्लिप आणि ते मेसेज जोडून कामगार मंत्रालयाकडे तक्रार गेली आहे. जुनं हेल्मेट त्याने परत केलेलं नाही.