घाटाचं देणं

नाणेघाटाच्या माथ्यावर, जुन्नरच्या बाजूला, वाटेच्या कडेला एक मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी घाट चढून आलेले व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. रांजण बघायला सगळेच थांबतात. मला मात्र त्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि मुक्कामाजोगी लेणी जास्त मोलाची वाटतात. जिथे जकात घेतली, तिथेच दमलेल्या माणसाला पाणी आणि आडोसा मिळत होता.

बोरघाटाची गोष्ट पुढची. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कम यांनी इथला गाडीरस्ता खुला केला. तोवर बैलांच्या पाठीवरून जाणारा माल आता चाकांवर चढला. या रस्त्यालाही पथकर होता. लोक तो देत, कारण वेळ आणि जनावरांचे हाल दोन्ही वाचत होते. १८६३ मध्ये याच घाटातून रेल्वे गेली. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. रेल्वेची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं, अशी लोकांची श्रद्धा. ट्रकवाले आजही तिथे वेग कमी करून नाणं टाकतात. कुणी मागत नाही, पावती मिळत नाही, तरी वाट दाखवणाऱ्याचं देणं चुकवल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नाही.

म्हणून मराठी माणूस टोलच्या मुळावर उठला आहे, असं जे म्हणतात ते मला पटत नाही. रस्त्याचे पैसे देण्याची आपली सवय फार जुनी आहे. राग आहे तो घेतल्या पैशाला न जागण्याचा.

२००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने सुरुवातीला शब्द पाळला. जेमतेम ९५ किलोमीटर, मध्ये सिग्नल नाही, गुरं आडवी येत नाहीत. २०२३ च्या एप्रिलपासून मोटारीला एका खेपेचे ३२० रुपये पडतात. ते देऊन मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी याच बोरघाटात, खंडाळ्याच्या चढावर काय मिळतं? क्लच जळाल्याचा वास. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या. ट्रकच्या मागच्या चाकाला दगड लावून क्लीनर तिथेच उकिडवा बसलेला, गाडी हातभर पुढे सरकली की तोच दगड उचलून पुन्हा लावायचा. मागच्या सीटवर लघवी रोखून धरलेली म्हातारी माणसं, आणि दोन्ही बाजूंना उतरायला जागा नाही. जळालेलं डिझेल, बुडालेली खेप, चुकलेली दवाखान्याची वेळ, यांचा हिशोब कोणत्याच खात्यात मांडला जात नाही.

तो मांडणं आता अवघड राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि काचेवरची ती पट्टी या मार्गावरही रुळली. खालापूर आणि तळेगाव या दोन नाक्यांच्या मधेच घाट येतो. दोन्हीकडे पट्टी वाचली जाते, वेळेची नोंद होते. म्हणजे कोणती गाडी घाटात किती वेळ अडकली, हे पैसे कापणाऱ्या यंत्रणेलाच सर्वांत आधी समजतं.

केरळमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला. एडपल्ली-मन्नुत्ती महामार्गाची दुर्दशा आणि तिथली कोंडी पाहून उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पालियेक्करा नाक्यावरची टोलवसुली थांबवली. त्याविरुद्धचं अपील त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. त्या पीठावर सरन्यायाधीश होते आपल्या अमरावतीचे भूषण गवई. रस्ता चालण्याजोगा नसेल तर पैसे मागता येत नाहीत, हे तत्त्व त्यातून कायद्याच्या भाषेत उतरलं.

त्यासाठी दर वेळी कोर्टाची पायरी चढावी लागू नये. घाटाला ठरावीक वेळेपेक्षा जास्त वेळ लागला, तर पुढच्या नाक्यावर पट्टी वाचली जाताच घेतलेला टोल खात्यात परत जमा व्हावा. आणि कोंडी झाली की पहिला टँकर पाण्याचा निघावा.